गाडीवर सीबी अँटेना बसवताना या चुका टाळा: आधी पत्रा, मग काठी

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा रेडिओ. त्याचा नवा अँटेना गाडीवर चढवला, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा) जोडला आणि काटा थेट तांबड्या पट्ट्यात जाऊन बसला, की बहुतेकांचा हात आधी अँटेनाच्या काठीकडे जातो. कुणी ती वर-खाली सरकवतं, कुणी सरळ कापायला घेतं. पहिल्या वेळी मीही हेच केलं होतं. स्टीलची व्हिप, म्हणजे अँटेनाची लवचिक काठी, तीनदा थोडी थोडी कापली, काटा जागचा हलला नाही. शेवटी माउंट, म्हणजे अँटेना ज्यावर बसतो तो तळ, उघडला तर खाली गाडीचा रंग जसाच्या तसा. ब्रॅकेट पक्का आवळलेला होता, पण त्याचा पत्र्याशी विद्युत संपर्कच नव्हता. रंग खरवडल्यावर सगळं ताळ्यावर आलं, फक्त व्हिप तोवर आखूड झाली होती आणि नवी आणावी लागली.

म्हणून आधी पत्रा, मग केबल आणि सगळ्यात शेवटी काठी, हा क्रम मोडू नका.

गाडीचा पत्रा हा अर्धा अँटेना आहे

सीबी रेडिओ २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तिथे तरंगलांबी साधारण ११ मीटर असते, म्हणजे पाव तरंगलांबी पावणेतीन मीटरच्या जवळ जाते. आपण जी काठी उभी करतो ती अँटेनाची एक बाजू; दुसरी बाजू म्हणजे गाडीचा टप, बॉनेट, दारं, सगळा पत्रा. आखूड काठीत तारेची गुंडाळी घालून कमी पडलेली लांबी भरून काढतात, पण कमी पडलेला पत्रा भरून काढायला काठीत काहीच नसतं.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. माउंटखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकाकता धातू उघडा करा, दातेरी वॉशर वापरा आणि काम झालं की कडेने ग्रीस किंवा रंग लावून गंज रोखा. आरशाच्या दांड्यावर किंवा दारावर माउंट असेल तर बिजागरीवर विसंबू नका. तिथे रबर असतं, वंगण असतं, प्लास्टिकचं बुश असतं. माउंटपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याच्या जाळीची रुंद पट्टी जोडा, आणि तीही शक्य तितकी आखूड. लांब बारीक वायर मल्टिमीटरवर छान जोडलेली दिसते, पण २७ मेगाहर्ट्झला ती अडसरच ठरते.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचं एक टोक माउंटवर, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. वाचन शून्याच्या जवळ यायला हवं. तसंच टोक धरून माउंट हलवून पाहा. आकडा नाचला तर दोष सापडला.

फायबरग्लासच्या गाडीला पत्राच नसतो. तिथे ‘नो ग्राउंड प्लेन’, म्हणजे पत्र्याशिवाय चालणाऱ्या प्रकारचा संच लागतो, आणि त्याची केबल व काठी जोडीनेच वापरायची असते. साध्या अँटेनाची काठी त्यावर चढवून चालत नाही. चुंबकी माउंटचं म्हणाल तर तो रंगावरूनच पत्र्याशी जोडला जातो, म्हणून तिथे रंग खरवडू नका. फक्त टप आणि चुंबकाचा तळ धुळीविना हवा. ॲल्युमिनियमच्या टपावर तो चिकटणारच नाही.

नायलॉनचा छोटा वॉशर

स्टडच्या माउंटमध्ये मधला बोल्ट आणि ब्रॅकेट यांना वेगळं ठेवणारा नायलॉनचा वॉशर असतो. तो उलटा बसला किंवा विसरला, की सगळं शॉर्ट. रेडिओकडचा कनेक्टर काढून मधली पिन आणि बाहेरची रिंग यांच्यात मल्टिमीटरचा बझर लावा. वाजला तर तिथेच थांबा, प्रक्षेपण करू नका. मात्र काही अँटेना बनवतानाच तळाशी गुंडाळीतून जमिनीला (म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या बाजूला) जोडलेले असतात, विशेषतः काही चुंबकी प्रकार. त्यांच्यात बझर वाजणं हा दोष नाही. माहितीपत्रक पाहा किंवा काठी काढून पुन्हा तपासा.

केबल

केबल ५० ओहमची हवी. गाडीतल्या लांबीला आरजी-५८ किंवा आरजी-८एक्स पुरते. घरात पडलेली टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती एका अँटेनाला लावू नका. दोन अँटेनांच्या जोडीला मात्र मुद्दाम ७५ ओहमच्या ठरावीक लांबीच्या केबल असतात, त्या कापू नका.

‘केबल १८ फूटच हवी’ हा सल्ला फार ऐकू येतो. अँटेना आणि त्याची जमीन नीट असेल तर लांबीने फारसा फरक पडत नाही. उलट केबलची लांबी बदलल्यावर एसडब्ल्यूआर बराच बदलत असेल, तर केबलच्या जाळीच्या बाहेरून प्रवाह वाहतोय, म्हणजे माउंटची जमीन कच्ची आहे, असं समजा. उरलेली केबल घट्ट वेटोळं करून कोंबू नका. मोठ्या सैल वळणात, इंग्रजी आठच्या आकारात बांधा. दाराच्या फटीत चेपलेली केबल वरून शाबूत दिसते, पण आतली पांढरी नळी दबलेली असते. कनेक्टरचा सोल्डरचा डाग कच्चा असेल किंवा जाळीची एक तार मधल्या पिनेला टेकत असेल, तर दोष कधी येतो, कधी जातो. आणि बाहेरचा प्रत्येक जोड पाण्यापासून वाचवा. जाळीत शिरलेलं पाणी तांबं काळं करत आत सरकतं, मग केबल बदलण्यावाचून इलाज नाही.

जागेबद्दल थोडक्यात: टपाचा मध्य सर्वांत चांगला. अँटेना बंपरच्या एका कोपऱ्यात लावला तर पत्रा ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला लहर जास्त जाते. मागच्या डाव्या कोपऱ्यातला अँटेना पुढे उजवीकडे जास्त बोलतो. काठीचा बराचसा भाग, निदान गुंडाळी असलेला भाग तरी, टपाच्या वर राहू द्या. आणि उंच काठी घेऊन विजेच्या तारांखाली काम करू नका, हे कधीही विसरू नका.

आता ट्यूनिंग

गाडी मोकळ्या जागेत घ्या; भिंत, शेड, दुसरी गाडी जवळ नको. दारं, बॉनेट, डिकी बंद. टपावर एरवी लोखंडी कॅरिअर असेल तर तोही जागेवर हवा, कारण रोजच्या वापरात तो असणारच. मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या केबलमध्ये छोट्या जोडकेबलने लावा. अँटेना जोडल्याशिवाय माइकचं बटण दाबू नका. प्रक्षेपक ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

४० चॅनलचा पट्टा २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ असा आहे. १, २० आणि ४० या तीन चॅनलवर वाचन घ्या. दर वेळी आधी मीटर ‘फॉरवर्ड’वर ठेवून काटा ‘सेट’च्या खुणेवर आणा, मगच ‘रिफ्लेक्टेड’ वाचा. ही खूण प्रत्येक चॅनलला नव्याने लावावी लागते आणि ती न लावल्यामुळे पुष्कळांचे आकडे चुकतात. रिकाम्या चॅनलवर, अगदी थोडा वेळच बटण दाबा.

चॅनल ४० वरचं वाचन चॅनल १ वरच्यापेक्षा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, आखूड करा. चॅनल १ वर जास्त असेल तर आखूड आहे, लांब करा. तिन्ही चॅनलवर वाचन ३ च्या वर असेल तर काठीला हात लावू नका, मागे माउंटकडे जा. कापायचंच असेल तर एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, आणि दर कापानंतर तिन्ही चॅनल पुन्हा.

दोन्ही टोकांना सारखं आणि १.५ च्या आसपास वाचन मिळालं की थांबा. १.५ ला परत येणारी शक्ती फक्त ४ टक्के असते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.५ वरून १.१ वर आणायला दुपार घालवली तरी समोरच्याला ऐकताना फरक कळणार नाही.

कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला अँटेना, असंही नाही. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, शक्ती जिरवणारा रोधक) मीटरवर १ दाखवतो आणि बाहेर जवळपास काहीच सोडत नाही. पाणी शिरलेली केबलही शक्ती वाटेतच जिरवून मीटरवर सुंदर आकडा दाखवते. आकडा चांगला आणि तरी जवळच्या गाडीशीही बोलणं होत नसेल, तर संशय केबलवर घ्या. रेडिओ आणि केबलच्या मध्ये बसवायच्या, आकडा खाली आणणाऱ्या ‘मॅचर’ डबीबद्दलही तेच: रेडिओला बरं वाटतं, अँटेना होता तसाच राहतो.

आवाजात खरखर असेल तर अँटेनाचा कनेक्टर काढून नुसतं ऐका. खरखर गेली तर ती अँटेनातून येत होती: इग्निशन, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. राहिली तर ती वीजपुरवठ्यातून येते. मग रेडिओच्या वायरी थेट बॅटरीवर न्या, बॅटरीजवळ फ्यूज घाला.

तिन्ही चॅनलचे शेवटचे आकडे कागदावर लिहून गाडीतच ठेवा. काही महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा तिन्ही आकडे एकदम चढलेले दिसले तर माउंट किंवा केबल उघडा. एकाच टोकाचा चढला असेल तर काठीचा स्क्रू सैल होऊन ती सरकली आहे का ते पाहा.