पावसाळ्यात पेलेट कोरडे ठेवा
पेलेट म्हणजे धुरावर मांस शिजवणाऱ्या स्मोकरचे इंधन: लाकडाचा भुसा दाबून केलेला घट्ट, छोटा तुकडा. पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत तो ओल धरतो, फुगतो आणि सुटून पुन्हा भुसा होतो. मग हॉपरमधून, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीतून, जाळाकडे पेलेट ढकलणारा स्क्रू अडकतो. म्हणून स्मोकर गार झाला की हॉपर पूर्ण रिकामा करा, पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पुढच्या वेळी एक मोडून बघा: कट्कन तुटला तर चांगला, बोटांत चुरा झाला तर सगळेच टाका. शिकायला चिकनचे लेगपीस घ्या, मटणाच्या खांद्याची घाई नको. घड्याळावर विसंबू नका. थर्मामीटर हाडाला न टेकवता खुपसा, आत ७४ अंश सेल्सिअस दिसलेच पाहिजेत. आणि बंद बाल्कनीत स्मोकर कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.