सिगार पेटवायची कशानं?

मागच्या मे महिन्यात भाचा दुबईहून आला. माझ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांतल्या तीन सिगार घेऊन आला होता. दुकान बंद करून मी गच्चीवर पोचेपर्यंत पठ्ठ्यानं देवघरातली उदबत्ती आणून तिनंच एक सिगार पेटवायचा उद्योग चालवला होता. सिगारच्या कडेला एक काळा ठिपका पडलेला, बाकी थंडगार. वर चंदनाचा वास.

"काय करलालास बे?"

"मामा, काडेपेटी सापडली नाही."

सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात माझं स्टोव्ह-शेगडी दुरुस्तीचं दुकान आहे. चौतीस वर्षं झाली. आधी स्टोव्हला पिन मारणं आणि पेट्रोमॅक्सची मेंटल बदलणं चालायचं. आता गॅसच्या शेगड्या आणि लायटर येतात. सिगार वर्षातून दोन-तीनच ओढतो, जास्त ओढली तर तोंडाचं काय होतं ते ओळखीच्यांत पाहिलंय. पण ज्योत कशी वागते हे मला कळतं, आणि सिगार पेटवणं म्हणजे निम्मं तेवढंच आहे.

बिडी ओढणाऱ्याला वाटतं, काडी लावली की झालं. बिडी बारीक, तेंदूचं एक पान, आत चिमूटभर जर्दा. एक झुरका घेतला की पेटली. सिगारचं टोक अंगठ्याएवढं जाड असतं. तिची जाडी रिंगमध्ये मोजतात, एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. पन्नास रिंगची सिगार म्हणजे जवळपास २० मिलीमीटर. एवढं सगळं तोंड एकसारखं पेटायला हवं. एक बाजू पेटली आणि दुसरी राहिली, तर ती एका अंगानं पळत सुटते आणि निम्म्यावर पोचेपर्यंत वाकडीतिकडी होते. म्हणून आधी आच द्यायची, ज्योत नाही. पापड भाजताना त्याला जाळात धरत नाही, तसंच.

पेट्रोलचा लायटर पहिल्यांदाच बाद करा. तो वात भिजवून जळतो आणि त्याचा वास पहिल्या झुरक्यात सरळ तंबाखूत जातो. सिगरेटला चालतो, ती पाच मिनिटांत संपते. सिगार तासभर चालते. माझी आयुष्यातली पहिली सिगार एका गिऱ्हाईकानं दिली होती. ती मी दुकानात पडलेल्या तसल्याच लायटरनं पेटवली आणि निम्मी संपेपर्यंत पंपावर उभा असल्यासारखं वाटत होतं. मेणबत्ती आणि मेण लावलेली काडीही नको, मेणाचा वास बसतो. रॉकेलच्या चिमणीचं नावही काढू नका.

साधी लाकडी काडी मला आवडते. २०२१ च्या डिसेंबरात काडेपेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली, तरी अजून याहून स्वस्त काही नाही. फक्त घाई नको. काडी ओढल्यावर गुल भगकन पेटतो, त्यात गंधक असतं. तो भडका विरून ज्योत लाकडावर येईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं. आणि तोवर काडी सिगारपासून लांब. आपल्याकडची काडी आखूड, गुल जळून गेला की बोटाला चटका बसेपर्यंत जेमतेम आठ-दहा सेकंद हाताशी उरतात. म्हणून दोन काड्या एकत्र पेटवा. चार-पाच काड्या जातील, जाऊ द्या. खोलीत बसला असाल आणि पंखा बंद असेल तरच हे जमतं. पंखा बंद करायची गोष्ट सोलापूरच्या मे महिन्यात कुणाला सांगायची, ते तुम्हीच ठरवा.

भाच्याच्या नळीत सिगारभोवती कागदाएवढं पातळ लाकूड गुंडाळलेलं होतं. तो फेकून देणार होता. अरे, तेच तर खरं! त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. झाड स्पेनचं नाही आणि सीडरही नाही. ते अमेरिका खंडातलं, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. त्याची बोटाएवढी रुंद पट्टी उभी फाडा, काडीनं पेटवा आणि त्या पट्टीनं सिगार. ज्योत मऊ येते, गंधकाचा प्रश्न मिटतो आणि वास तंबाखूला शोभतो. पट्टी खाली तिरकी धरली तर भराभर जळत बोटांकडे येते. टोक थोडं वर ठेवलं तर शांत जळते. खाली पाण्याची वाटी ठेवा, जळका तुकडा गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर पडला तर घरात काय होतं ते मी अनुभवलंय.

आता गॅसचा लायटर. यात दोन जाती. पिवळ्या मऊ ज्योतीचा साधा, आणि निळ्या सुईसारख्या ज्योतीचा जेट. दोन्हीत ब्यूटेनच असतो, त्याला स्वतःचा वास नसल्यातच जमा. घरात मऊ ज्योत बरी, गच्चीवर वारं असेल तर जेटला पर्याय नाही. पण जेट म्हणजे धातूला सांधे मारायच्या माझ्या ब्रेझिंगच्या टॉर्चचा धाकटा भाऊ. सिगारला चिकटवलात तर टोक कोळसा होतं आणि पहिली पाच मिनिटं कडू जातात. दोन इंच लांब धरा. आणखी एक, भर उन्हात जेटची ज्योत दिसत नाही, नुसता सूंऽऽ आवाज येतो. भाच्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता माझ्या जेटनं दुसरी सिगार तशीच पेटवली आणि वरच्या पानाला अर्धा इंच चर पाडली. सावलीत या, मग पेटवा.

लायटर भरताना लोक हमखास चुकतात आणि मग माझ्याकडे येऊन "खराब निघाला" म्हणतात. आधी ज्योतीचा स्क्रू कमीत कमीवर आणा. उघड्या हवेत, आजूबाजूला शेगडी नसताना, बारीक पेचकसानं खालचा व्हॉल्व्ह दाबून आतला उरलेला गॅस आणि हवा फुस्स करून काढा. मग लायटर उलटा, गॅसचा डबा त्याच्यावर उलटा, सरळ दाबून चार-पाच सेकंद. हाताला गारवा जाणवेल. लगेच पेटवायचा नाही, पाच मिनिटं थांबायचं. गॅस कसला आहे ते पाहायचं तर एका आरशावर थोडा फवारा. उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला तर तोच डाग उद्या तुमच्या जेटच्या भोकात अडकणार. आणि इथल्या ४३ अंशांत आतला दाब वाढतो, हिवाळ्यात बसवलेला स्क्रू उन्हाळ्यात मिशा जाळतो. गाडीच्या डॅशबोर्डवर तर लायटर ठेवूच नका. विमानात जेट लायटर ना हातात नेता येतो, ना सामानात. भाचा येताना आपला विमानतळावर सोडून आला, म्हणून तर उदबत्ती.

कोरडेपणाचाही हिशोब धरा. सिगारला ६५ ते ७० टक्के दमट हवा लागते. आपल्या उन्हाळ्यात डब्याबाहेर दोन दिवस राहिली की बोटानं दाबल्यावर कुरकुरते. अशीला जेट लावू नका, भसकन पेटते आणि पान तडकतं. तिला काडी पुरे. पावसाळ्यात मऊ पडलेलीला मात्र दुप्पट वेळ आच द्या.

त्या दुसऱ्या दिवशी रात्री तिसऱ्या सिगारवर भाच्याला हात धरून दाखवलं. तोंडाकडच्या बंद टोकाची टोपी धारदार कटरनं थोडीशीच कापली. सिगार अजून तोंडात नाही, हातातच. तिरकी धरून टोक ज्योतीच्या वर, ज्योत टेकू न देता सावकाश फिरवत राहायचं. आधी कडा काळसर होते, मग राखाडी, मग मधे केशरी ठिपके येतात. आता टोकावर हलकी फुंकर मारायची. जिथे लाल होत नाही तिथे आच कमी पडली, तेवढ्याच जागी परत. सगळं तोंड एकसारखं लाल झालं की मग ओठात धरायची, ज्योत टोकासमोर बोटभर अंतरावर, आणि फिरवत फिरवत तीन-चार बारीक झुरके. धूर तोंडातच, छातीत नाही.

आई बाजेवर बसून बघत होती. तिनं चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या, रोजच्या हजार. स्वतः एक ओढली नाही. म्हणाली, "एवढ्या वेळात माझ्या पाच बिड्या झाल्या असत्या, आणि त्यातली एकही छाट म्हणून बाद झाली नसती."

मधेच एका बाजूनं पळायला लागली तर मागे राहिलेल्या बाजूला काडीची ज्योत नुसती जवळून दाखवा, झुरका न घेता. विझलीच तर राख हलकेच झाडा, आतला शिळा धूर एकदा उलट फुंकून बाहेर काढा आणि पुन्हा आच देण्यापासून सुरू करा. तासाभरात हे चालतं. सकाळी उरलेली पेटवू नका, चव डांबराची येते. संपवताना बिडीसारखी चिरडू नका, त्यानं सगळं घर घमघमतं. वाटीत आडवी ठेवा, आपोआप विझते. ती वाटी मात्र रात्री गच्चीवरच राहू द्या. आमच्याकडे ती खाली आणायला बंदी आहे.