तैलरंगातलं व्यक्तिचित्र : या चुका टाळा

सर्वांत जास्त पोर्ट्रेट्स बिघडतात ती घाईनं. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन उडून जातं, रंगातलं जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. हा क्रम उलटा केलात तर आज ना उद्या तडे जाणारच.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलानं आजीचं चित्र काढलं. पार्श्वभूमीला आयव्हरी ब्लॅक, त्यात सढळ हातानं तेल. हा रंग मुळातच फार उशिरा वाळतो, त्यात ऐन जुलै. वर साय धरली, बोटाला रंग लागेना, तेवढ्यावर त्यानं टर्पेंटाइननं पातळ केलेला बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग चढवला. अंबर झटपट वाळतो. दिवाळीत चित्र परत आलं, तेव्हा आजीच्या अंबाड्याभोवती उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या होत्या. नखानं दाबलं तर आतला काळा अजून मऊ! तेवढा भाग खरवडून काढताना त्या मुलाचे डोळे भरून आले. तेव्हापासून पहिला थर मी अंबर आणि टर्पेंटाइन एवढ्यावरच करून घेतो. हेअर ड्रायर तर वर्गात आणूच देत नाही. त्यानं वरची साय वाळते, आत ओलं ते ओलंच.

दुसरी चूक म्हणजे डोळ्यांपासून सुरुवात. कवटीचा पत्ता नाही आणि पापण्यांचे केस मोजून तयार! डोळे साधारण डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात; नवशिके ते हमखास वर सरकवतात. बुबुळाभोवतीचा पांढराही पांढरा नसतो, त्यावर वरच्या पापणीची सावली असते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची तैलचित्रं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून डोळे बारीक करा. तपशील विरतात, उजेड आणि सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात. आधी ते आकार लावा, मोठ्या ब्रशनं.

सावलीत नुसता काळा मिसळू नका, कातडी मळकट दिसते. फ्लॅश मारलेल्या फोटोवरून काम नको. सावल्याच मेलेल्या असतात. प्रोजेक्टरवरून गिरवणं मला मान्य नाही, हात कधीच तयार होत नाही.

आणि वार्निश. सहा महिने तरी थांबा. मी वर्षभर थांबतो. गिऱ्हाइकाला घाई असेल तर चित्र तसंच देतो आणि वर्षानं त्यांच्या घरी जाऊन वार्निश लावून येतो.