अमेरिकेत व्हीलचेअरचे पैसे कोण देतं: आधी कागद, मग खुर्ची

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अधूनमधून प्रश्न येतोच: "बाबांसाठी व्हीलचेअर घ्यायची आहे, चांगली कुठे मिळेल?" पंधरा मिनिटांत पाच-सहा लिंका पडतात, कोणीतरी "आम्ही हीच घेतली, मस्त आहे" म्हणतं आणि संध्याकाळपर्यंत ऑर्डर गेलेली असते. मदतीची हौस आपल्या लोकांना दांडगी, पॉलिसीचे कागद वाचायची मात्र अजिबात नाही. इथे क्रम वेगळा आहे: तपासणी, डॉक्टरची ऑर्डर, विम्याची मंजुरी आणि सगळ्यात शेवटी खुर्ची. हा क्रम चुकला की हजारो डॉलर खिशातून जातात.

आधी विकत घेऊ नका

विमा कंपन्या व्हीलचेअरला 'ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट' म्हणजे डीएमई या खात्यात धरतात. पैसे मिळायला सहसा तीन गोष्टी लागतात: डॉक्टरची लेखी ऑर्डर, विम्याच्या नेटवर्कमधला (कंपनीशी करार असलेला) सप्लायर आणि महागड्या वस्तूसाठी प्रायर ऑथरायझेशन म्हणजे विम्याची आगाऊ मंजुरी. ऑनलाइन घेतलेल्या खुर्चीमागे यातलं काहीच नसतं, त्यामुळे "नंतर क्लेम करू" हा बेत जवळपास नेहमीच फसतो.

याच चुकीची दुसरी तऱ्हा जास्त महागात पडते. हॉस्पिटलमधून घरी सोडताना एक साधी स्टँडर्ड खुर्ची हातात ठेवली जाते, तुम्ही घाईत सही करता आणि बिल विम्याला जातं. तीन महिन्यांनी फिजिओ म्हणते, यांना मापाची खुर्ची हवी, पाठीला आधार हवा, टिल्ट म्हणजे मागे कलणारी सीट हवी. विमा म्हणतो, तुम्हाला खुर्ची दिलेली आहे. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांचा सरकारी विमा, एका खुर्चीचं आयुष्य साधारण 5 वर्षं धरतं आणि बऱ्याच खाजगी योजना तोच नियम उचलतात. खुर्ची हरवली, चोरीला गेली, दुरुस्तीपलीकडे मोडली किंवा तब्येतीत खरोखर फरक पडला तरच मधे दुसरी मिळते, आणि तेही सिद्ध करावं लागतं. म्हणून सहीआधी एकच प्रश्न विचारा: "हे भाड्याने आहे की विकत?" पुढे मापाची खुर्ची लागणार असं दिसत असेल तर मधल्या काळासाठी विम्यावर काहीही घेऊ नका. उसनी खुर्ची मिळते, त्याबद्दल खाली आहे.

'बरं आहे' म्हणू नका

क्लेम नाकारला जातो तो बहुतेक वेळा आजार कमी म्हणून नव्हे, कागद कच्चा म्हणून. आणि कागद कच्चा राहण्याचं आपल्याकडचं खास कारण म्हणजे आपले आईवडील. डॉक्टरने "कसं चाललंय?" विचारलं की ते हसून "फाइन, फाइन" म्हणतात. डॉक्टर नोंदीत लिहितो, रुग्ण चालतो-फिरतो, तक्रार नाही. मग व्हीलचेअरच्या अर्जाला हीच नोंद जोडली जाते. अपॉइंटमेंटच्या आधी घरी बसून लिहून काढा: किती फूट चालल्यावर थांबावं लागतं, महिन्यात कितीदा पडले, संडासला जाताना कोण धरतं, आंघोळ आणि कपडे कसे होतात. तो कागद डॉक्टरच्या हातात द्या आणि नोंदीत घालायला सांगा.

मोटरवाल्या खुर्चीसाठी मेडिकेअरला ऑर्डरच्या आधीच्या 6 महिन्यांतली प्रत्यक्ष तपासणी लागते. खास मापाच्या खुर्चीसाठी फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं वेगळं मूल्यमापनही लागतं, आणि त्या थेरपिस्टचा सप्लायरशी पैशाचा संबंध असून चालत नाही. सप्लायरकडून एटीपी, म्हणजे असिस्टिव्ह टेक्नॉलॉजीचं प्रमाणपत्र असलेला माणूस, सोबत हवा.

थेरपिस्टचं पत्र जाण्याआधी वाचायला मागा. "रुग्णाला चालता येत नाही, पॉवर व्हीलचेअरची शिफारस" एवढंच असेल तर ते परत येणार. विमा पायरीपायरीने विचार करतो: स्वस्त वस्तूने का भागत नाही? पत्राने प्रत्येक पायरी खोडून काढायची असते. काठी: उजव्या हाताला पकड नाही. वॉकर: दहा फुटांनंतर गुडघा देतो, गेल्या महिन्यात दोनदा पडले. हाताने चालवायची खुर्ची: खांदा उचलत नाही, बेडरूमपासून बाथरूमपर्यंतही जाता येत नाही. स्कूटर: बसून तोल राहत नाही, शिवाय घरात वळत नाही. म्हणून पॉवर. कुशन, हेडरेस्ट, टिल्ट या प्रत्येकाला वेगळं कारण लागतं. जे लिहिलं नाही ते मिळत नाही.

आणखी एक: मेडिकेअर घरातल्या वापरासाठी पैसे देतं. "देवळात जायला, पार्कात फिरायला" हे पत्रात आलं की नकाराला निमित्त मिळालं. घरातला सगळ्यात अरुंद दरवाजा मोजून ठेवा, तो बहुधा बाथरूमचाच असतो. खुर्ची त्यातून जात नसेल तर मंजुरी अडते, आणि समजा मिळालीच तर खुर्ची हॉलमध्ये पडून राहते.

कंपनीचा विमा असेल तर

एच-वन-बी किंवा एल-वन या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी हाच मुख्य रस्ता. छोट्या समरीवर विसंबू नका; एचआरकडून पूर्ण समरी प्लॅन डिस्क्रिप्शन मागा आणि त्यात डीएमईची वार्षिक मर्यादा आहे का ते शोधा. योजना सेल्फ-फंडेड आहे का, तेही विचारा. मोठ्या कंपन्यांत पैसे बहुतेकदा मालकाचे असतात, विमा कंपनी फक्त कारकुनी करते. अशा वेळी नकार आला तरी एचआर अपवाद करू शकते. आपले लोक मॅनेजरला कळेल या भीतीने विचारत नाहीत, पण एचआरच्या बेनिफिट्स विभागाशी बोलायला मॅनेजरची गरज नसते.

नकाराचं पत्र म्हणजे शेवट नव्हे. अंतर्गत अपीलाला साधारण 180 दिवस असतात, त्यानंतर बाहेरच्या तटस्थ परीक्षणासाठी 4 महिने. पत्रात 'कागदपत्रं अपुरी' असेल तर कागद पुरे करा. 'वैद्यकीयदृष्ट्या गरज नाही' असेल तर तुमच्या डॉक्टरला विम्याच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलायला लावा.

तारखांकडे नीट लक्ष द्या. डीएमईमध्ये सेवेची तारीख म्हणजे खुर्ची घरी पोचल्याची तारीख. ऑपरेशनमुळे या वर्षाचा आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम (वर्षभरात खिशातून भरायची कमाल रक्कम) भरला असेल तर वर्ष संपण्याआधी डिलिव्हरी होईल असं बघा; जानेवारीत आली की डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) पुन्हा शून्यापासून. मधेच नोकरी गेली आणि विमा बदलला तर जुनी मंजुरी बाद होते. मापाची खुर्ची बनायला महिने लागतात, म्हणून अशा वेळी हप्ता परवडत असेल तर कोब्रा या नोकरी सुटल्यावरच्या सोयीतून तोच विमा चालू ठेवा. निवड करायला 60 दिवस मिळतात.

मुलांसाठी

इथे सर्वात जास्त मदत आहे आणि आपण सर्वात कमी मागतो. मूल विशेष शिक्षणात आहे हे चार लोकांत कळू नये, म्हणून वर्षं घालवणारी घरं आहेत. त्या वर्षांत मिळू शकलेली मदत मागाहून मिळत नाही.

3 ते 21 वयात विशेष शिक्षणाच्या 'आयडिया' कायद्याखाली, आणि 3 वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन या लहानग्यांच्या सेवेत, व्हिसा विचारला जात नाही. शाळेला लेखी, तारीख घालून पत्र द्या की असिस्टिव्ह टेक्नॉलॉजीचं मूल्यमापन हवं. तोंडी विनंतीला किंमत नाही. बोलण्याचं यंत्र, खास की-बोर्ड, बसण्याची खुर्ची आयईपीत, म्हणजे शाळेने मुलासाठी केलेल्या लेखी शिक्षण-योजनेत, लिहिली गेली की खर्च शाळेचा. तुमचा खाजगी विमा वापरा असा आग्रह शाळा धरू शकत नाही. फक्त वस्तू शाळेच्या मालकीची राहते. घरी न्यायची असेल तर तेही आयईपीत लिहून घ्यायचं. कायमची, स्वतःच्या मालकीची हवी असेल तर ती विम्यातून घ्या.

मूल इथलं नागरिक असेल तर आईवडिलांचा व्हिसा आड येत नाही. बऱ्याच राज्यांत केटी बेकेट किंवा तशा वेव्हरमधून गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाला आईवडिलांचं उत्पन्न न मोजता मेडिकेड, म्हणजे एरवी कमी उत्पन्नवाल्यांसाठी असलेला सरकारी विमा, मिळतं. पेनसिल्व्हेनियात तर यासाठी वेगळी वाटच आहे. या वेव्हरच्या रांगा काही राज्यांत कित्येक वर्षांच्या आहेत, म्हणून आजच नाव नोंदवा. राज्य बदललं की रांगेतला नंबर जातो, नवी नोकरी घेताना हे हिशेबात धरा. मेडिकेड मिळालं की 21 वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीय गरजेची साधनं देणं राज्याला बंधनकारक आहे. ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर मेडिकेडचा तिच्यावर परिणाम होईल का हे अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप गटाला नाही. शाळेच्या सेवांना तो प्रश्नच येत नाही.

आईवडील

व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर प्रवासी विम्याकडून व्हीलचेअरची आशा ठेवू नका. उसनी घ्या.

ग्रीन कार्डवर आले असतील तर पोचल्यापासून 60 दिवसांत मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातला, विमा घ्या. तिथे जुन्या आजारावरून नकार देता येत नाही. 65 वर्षं वय आणि सलग 5 वर्षं कायदेशीर कायम वास्तव्य झालं की हप्ता भरून मेडिकेअर पार्ट बी घेता येतं. डिडक्टिबलनंतर ते मंजूर रकमेच्या 80 टक्के देतं, पण सप्लायर 'असाइनमेंट' घेणारा, म्हणजे मेडिकेअरने मंजूर केलेली रक्कम हीच पूर्ण किंमत मानणारा, आहे ना हे विचारा, नाहीतर तो वर कितीही लावू शकतो. साधी खुर्ची 13 महिने भाड्याने असते, मग तुमची होते. रॅम्प, बाथरूममधले दांडे, शॉवरची खुर्ची आणि श्रवणयंत्रं यांना मूळ मेडिकेअर पैसे देत नाही. मेडिकेडला बहुतेक ग्रीन कार्डधारकांना 5 वर्षं थांबावं लागतं, आणि पुढेही स्पॉन्सर म्हणून तुमचं उत्पन्न त्यांच्या नावे धरलं जाऊ शकतं.

उसनं, जुनं आणि देणग्या

प्रत्येक राज्यात केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी प्रोग्राम आहे. 1998च्या कायद्यातून आलेली ही सोय आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. तिथे वस्तू काही आठवडे वापरून बघता येते, दुरुस्त केलेल्या जुन्या खुर्च्या मिळतात, आणि अनेक ठिकाणी कमी व्याजाचं कर्जही. लायन्स क्लब, चर्च, सीनियर सेंटर यांच्या 'लोन क्लोझेट'मधून साधी खुर्ची, वॉकर, कमोड फुकट उसने मिळतात. चर्चमध्ये जायला बिचकू नका, कोणी धर्म विचारत नाही.

खाजगी विमा असलेल्या मुलांसाठी युनायटेडहेल्थकेअर चिल्ड्रन्स फाउंडेशन अनुदान देतं. विमा त्यांचाच असण्याची अट नाही. टोयोटा, होंडा, फोर्ड नव्या गाडीत लिफ्ट किंवा हँड कंट्रोल बसवल्यावर 1,000 डॉलरपर्यंत परत देतात, पण अर्जाची मुदत असते. नोकरीसाठी साधन हवं असेल तर राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशनकडे, म्हणजे अपंगांना नोकरीसाठी मदत करणाऱ्या खात्याकडे, जा.

गोफंडमीवर लोकांकडून देणग्या गोळा करणं सगळ्यात शेवटी. मेडिकेड किंवा एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंग आणि वृद्धांना मिळणारी सरकारी रोख मदत) चालू असताना खात्यात पैसे जमले तर मदत बंद पडू शकते. एसएसआयची शिलकीची मर्यादा एकट्या माणसाला 2,000 डॉलर आहे. एबल, म्हणजे अपंग व्यक्तींसाठीचं खास बचत खातं, उघडून पैसे तिथे ठेवा. अपंगत्व 46 वर्षांच्या आत आलेलं असेल तर 2026पासून ते उघडता येतं.

तिकडून खुर्ची आणणं

बॅगेत मोजली जात नाही म्हणून बरेच जण खुर्ची भारतातूनच आणतात. हाताने ढकलायची, थोड्या दिवसांपुरती असेल तर ठीक. पण टायर, बेअरिंग, फूटरेस्ट इथल्या मापाचे नसतात आणि इथला सप्लायर तिला हात लावत नाही. शाळेच्या बसमध्ये मूल खुर्चीतच बसून जाणार असेल तर गाडीतल्या सुरक्षेच्या डब्ल्यूसी-19 मानकाची, चार बांधण्याचे हूक असलेली खुर्चीच हवी. मोटरवाली आणलीत तर चार्जर 120 व्होल्टवर चालतो का, ते निघण्याआधी बघा.

डिलिव्हरीच्या दिवशी

थेरपिस्ट हजर असल्याशिवाय मापाची खुर्ची ताब्यात घेऊ नका. ऑर्डरचा कागद हातात धरून एकेक भाग ताडून बघा: सीटची रुंदी, कुशनचं मॉडेल, हेडरेस्ट, जॉयस्टिक कुठल्या बाजूला. चूक असेल तर सही करायची नाही. सही झाली की ती खुर्ची तुमची आणि 5 वर्षांचं घड्याळ सुरू. सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, दुरुस्तीच्या प्रत्येक फोनवर तो विचारतात. तुमच्या मालकीच्या खुर्चीची दुरुस्ती विमा देतो, पण भाग यायला आठवडे लागतात, म्हणून जुनी खुर्ची टाकू नका. कोलोरॅडोत 2022च्या कायद्याने पॉवर खुर्चीचे भाग आणि माहिती ग्राहकालाही द्यावी लागते; इतर बहुतेक ठिकाणी सप्लायरच्या दारात उभं राहावं लागतं. ऑर्डर देण्याआधीच त्याला विचारा की दुरुस्तीचा माणूस घरी येतो का, आणि तोवर उसनी खुर्ची देणार का.