पहिली आवृत्ती घ्यावी का? पाकीट काढण्याआधी एवढं बघा

जुन्या पुस्तकांच्या दुकानात विक्रेता हळूच सांगतो, "साहेब, पहिली आवृत्ती आहे," आणि दीडशेचं पुस्तक एकदम दीड हजाराचं होतं.

अशा वेळी आधी एकच विचारा: याची दुसरी आवृत्ती निघाली का? प्रश्न उलटा वाटेल. पण मराठीतली कितीतरी पुस्तकं पहिल्या आवृत्तीच्या पुढे गेलीच नाहीत. छापलेल्या प्रती वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिल्या. तशा पुस्तकाची मिळेल ती प्रत पहिल्या आवृत्तीचीच असणार, त्यात कौतुक कसलं? पुढे लोकांनी पुन्हा पुन्हा मागितलेल्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीला मोल येतं. १९६३ ची 'कोसला' समोर आली तर थांबून बघावं. त्याच वर्षीचं, कुणालाच न आठवणारं प्रवासवर्णन वाचायचं असेल तरच घ्यावं.

मग शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. नुसतं 'पहिली आवृत्ती' वाचून भुलू नका. प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक आपल्या पहिल्या छपाईलाही 'पहिली आवृत्ती' म्हणतो. काही जण पुनर्मुद्रणाचा उल्लेखच करत नाहीत. १९६८ ची पहिली आवृत्ती म्हणून मी एक कथासंग्रह घेतला होता. साल बरोबर, दुसऱ्या आवृत्तीचं नाव नाही. घरी चहा पिताना प्रकाशकाचा पत्ता वाचला: पुणे ४११ ०३०. सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला! त्याआधी पत्ता 'पुणे २', 'मुंबई ४' असा असायचा. विक्रेत्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही ते ठाऊक नसावं.

तेव्हापासून मी अशा बारीक खुणा बघतो. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे दिसले तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. साल शकात असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९). मजकुरात 'नाहीं', 'कांहीं', 'त्यांत' असे अनुस्वार भरपूर असतील तर छपाई साधारण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची, अर्थात जुने लेखक आणि काही छापखाने पुढेही हट्टाने अनुस्वार देत राहिले. आणि बारकोड असेल तर विषयच संपला. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मोठ्या ग्रंथालयात चाळता येते.

आता प्रत तपासा. मुखपृष्ठ मूळचं आहे का? वाचनालयातून निघालेल्या प्रतींचं बहुतेकदा नव्याने बाइंडिंग झालेलं असतं. त्यात मुखपृष्ठ जातं आणि कडा कापल्यामुळे समासही अरुंद होतो. मुखपृष्ठांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांचं चित्र गेलेली प्रत मी तरी संग्रहासाठी घेत नाही. वाचनालयाचा शिक्का असेल तर 'रद्द' असाही शिक्का शोधा, नाहीतर पुस्तक चोरीचं असू शकतं. कसरीची भोकं आणि बुरशीचा वास बघा. कसर एका पुस्तकातून घरातल्या बाकीच्या पुस्तकांत शिरते. पान हलकेच उलटताना कोपरा तुटून हातात आला, तर कागद मेला समजा.

नुसतं वाचायचं असेल तर ताजी आवृत्ती घ्या. लेखकाने पुढे दुरुस्त्या केलेल्या असतील तर त्याही त्यातच मिळतात.

एवढं पाहूनही मन ओढत असेल, तर विक्रेत्यालाच विचारा, "हेच पुस्तक मी पुढच्या महिन्यात परत आणलं, तर कितीला घ्याल?" दीड हजार सांगणारा माणूस बहुतेक दोनशेवर येतो. मग घासाघीस तिथून सुरू करा.