गोव्यातली घरची बाग: रोप आणण्याआधी ठरवायच्या गोष्टी

फोंड्याजवळच्या आमच्या घरी सासूबाईंच्या परसात निव्वळ शोभेचं असं एकही झाड नाही. जे शिजवता येत नाही आणि देवाला वाहताही येत नाही, त्याला त्या पाणी घालत नाहीत. माझी धाकटी बहीण ताळगावात चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या बाल्कनीत आठ कुंड्या आहेत, त्यातल्या पाच अबोलीच्या. आणि डिचोलीचे माझे काका वर्षभर झाडं जपतात ती चतुर्थीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीसाठी. तिघांच्याही बागा छान चालल्या आहेत. माझी मात्र पहिली तीन-चार वर्षं वाया गेली, कारण मी ज्याच्याकडे जे बघेन ते घरी आणून लावत होते.

म्हणून कुणी "काय लावू?" असं विचारलं की मी रोपाचं नाव सांगत नाही. मी विचारते, सकाळी बागेतून परत येताना तुमच्या हातात काय असायला हवं? याचं खरं उत्तर सापडेपर्यंत नर्सरीत जाऊ नका. रोज ताटात काही यावं असं वाटणाऱ्याने चार शोभेची पामची झाडं आणली तर दोन महिन्यांत त्याचं पाणी घालणं चुकायला लागतं.

मग ऊन बघा, आणि डिसेंबरचं बघा

गोवा साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यापासून किंचित उत्तरेला असतो, आणि डिसेंबरात चांगलाच दक्षिणेला कलतो. उत्तरेकडच्या बाल्कनीत मे महिन्यात ऊन दिसतं म्हणून लोक मिरची-वांगी लावून मोकळे होतात. दिवाळीनंतर तिथे सूर्य फिरकत नाही, आणि रोपं उंच, फिकी, लुकडी होतात. आपल्याकडे तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, वांगी, वाल यांचा खरा हंगाम हिवाळाच. तेव्हा भाजी हवी असेल तर दक्षिणेची किंवा पूर्वेची बाजू धरा, आणि तिथे हिवाळ्यात निदान पाच-सहा तास ऊन येतं ना, हे घड्याळ लावून बघा. उत्तरेची बाजूच वाट्याला आली असेल तर खंत नको. अळू, आलं, विड्याची पानं तिथे आनंदाने राहतात.

माती

आपली तांबडी माती जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, तिच्यातला चुना धुऊन नेतो आणि ती आम्ल होते. शिवाय उन्हाळ्यात ती विटेसारखी घट्ट होते. कुंडीसाठी मी दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा पाचोळ्याचं खत आणि एक भाग भिजवून पिळलेला नारळाचा भुसा घेते. तळाशी सोडणाचे (नारळाच्या सालीचे) तुकडे घालते. राख मिळत असेल तर कुंडीला एक मूठ पुरे. ती ताज्या शेणात मात्र मिसळू नका, त्यातलं नत्र वायू होऊन उडून जातं.

माझा गुलाबाचा धडा इथे सांगते. भर जुलैत एका नर्सरीतून मी सहा कलमी गुलाब आणले. मुळांभोवती काळ्या चिकण मातीचा घट्ट गोळा होता, तो तसाच आमच्या मातीत बसवला. पाऊस त्या गोळ्यात शिरला आणि बाहेर पडलाच नाही. ऑगस्टअखेर सहाही गेले. आता मी बाहेरून आलेलं रोप पावसाळ्यात लावत नाही, आणि लावताना तो गोळा पाण्यात ठेवून हलक्या हाताने सोडवून घेते.

तुमच्या स्वभावाप्रमाणे निवड

ताटासाठी बाग करणार असाल तर तांबड्या भाजीपासून सुरुवात करा. बी इतकं बारीक असतं की ते कोरड्या वाळूत मिसळूनच फोकावं, नाहीतर एका जागी दाट पडतं. दसऱ्यानंतर पेरा, पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येते. पावसाळ्यात भेंडी, दोडकी, काकडी, पडवळ लावा, पण वेलांचा मांडव पाऊस सुरू होण्याआधीच बांधून ठेवा. मिरचीबद्दल एक निरीक्षण सांगते. काणकोणातल्या खोला गावची मिरची, जिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, ती पावसाळ्यातच होते, पण डोंगरउतारावर. पाणी मुळाशी न थांबता वाहून जातं, हे तिचं सगळं रहस्य. सपाट अंगणात तीच मिरची लावायची तर वाफा हातभर उंच करा, आणि कुंडीत लावली तर ती विटांवर ठेवा.

फुलांची ओढ असेल तर अबोली. तिला वास नाही, पण ती जवळजवळ वर्षभर फुलते आणि थोडी सावलीही सोसते. बी धरायचं असेल तर वाळलेली बोंडं पाण्यात टाका, तटतट फुटतात आणि बी उडतं. म्हणून वर फडकं धरा. सुकलेले तुरे खुडत राहिलात तर नवे येत राहतात. तिची मुळं सूत्रकृमींनी (मातीतल्या अगदी बारीक कृमींनी) पोखरली जातात, तेव्हा लावतानाच मूठभर निंबोळी पेंड मातीत घाला. मोगऱ्याला मात्र भरपूर ऊन लागतं. डिसेंबर-जानेवारीत छाटा, थोडे दिवस पाणी कमी करा, मग खत द्या.

काकांची वाट सगळ्यात कमी लोक धरतात आणि मला ती सगळ्यात जवळची वाटते. माटोळीला लागणारी कांगलां, कवंडाळ, घागऱ्या, फागलां दरवर्षी रानातून ओरबाडून बाजारात येतात. यातली निदान दोन तरी घरी करता येतात. घागऱ्या बियांपासून सहज होतात, आणि त्या शेंगवर्गातल्या असल्याने जमिनीला नत्रही देतात. फागल्याला (म्हणजे करटोल्याला) कंद लावतात, पण नर आणि मादी वेल वेगळे असतात. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर हवाच. फुलं संध्याकाळी उमलतात. फळ धरत नसेल तर तेव्हा नराचं फूल हातात घेऊन मादी फुलाला टेकवा.

कुळागर (सुपारी-नारळ-मसाल्याची बाग) सोडून फ्लॅटमध्ये आलेल्यांना मी झुडपी मिरी सुचवते. मिऱ्याच्या चढणाऱ्या वेलाची नव्हे, तर फळ धरणाऱ्या आडव्या फांदीची कलमं करतात. ती वर चढत नाहीत, कुंडीतच झुडूप होतं. जायफळ किंवा भिरंड (कोकम) लावायची जागा असेल तर कलमच घ्या. दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेलं झाड नर निघालं हे बऱ्याच वर्षांनी कळतं.

जूनच्या आधी

सगळ्या कुंड्यांची भोकं काडी घालून मोकळी करा. खालच्या थाळ्या काढून टाका. पागोळी जिथे थेट पडते तिथून कुंड्या हलवा, कारण ती धार आठवडाभरात माती खणून मुळं उघडी पाडते. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचा. त्यांच्यावर मीठ टाकायची सवय आपल्याकडे आहे, ती मातीसाठी वाईट.

आणि मेच्या शेवटी, कुठल्याही स्वभावाची बाग असो, एका रुंद कुंडीत हळदीचे दोन-तीन कंद लावा. सावली चालते, राखण लागत नाही, आणि नागपंचमीच्या पातोळ्यांना (हळदीच्या पानात उकडायच्या गोड पदार्थाला) घरची पानं मिळतात. गेल्या वर्षी आमच्या पातोळ्यांना सासूबाईंनी परसातली पानं न काढता माझ्या कुंडीतली मागून घेतली.