ज्येष्ठांसाठी ग्रामपंचायतीचा निधी आराखड्यात कसा आणायचा

मी एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होतो. आता आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघतो. आसपासच्या गावांतले संघवाले भेटले की विचारतात, "भाऊसाहेब, म्हाताऱ्या माणसांसाठी निधी कुठनं मिळतो?" मिळतो तो बहुतेक वेळा आपल्याच ग्रामपंचायतीतून. पण काम विकास आराखड्यात लिहिलेलं असावं लागतं, आणि ते लिहायची वेळ आपण घरात बसून घालवतो.

आधी मागायचं काय ते ठरवा. सगळे इमारत मागतात. विरंगुळा केंद्राची नवी इमारत बांधून कुलूपबंद राहिलेली मी पाहिली आहे. आत सिमेंटच्या गोण्या आणि गणपती मंडळाचे लोखंडी पाइप. म्हणून नव्या भिंती मागू नका, असलेल्या जागेत रोजची सोय मागा. आमच्याकडे समाजमंदिर होतं. पायरी चांगली फूटभर उंच. आमची थोरली काकू भजनाला यायची ती भिंतीला हात लावून चढायची, आणि वर पोचेपर्यंत तिचा तळहात चुन्यानं पांढरा झालेला असायचा. भिंतीवर त्या उंचीला एक पट्टाच पडला होता, रंग उडालेला. इतक्या बायका तिथे हात टेकत होत्या. आम्ही त्या पट्ट्याचा फोटो काढला आणि अर्जाला जोडला.

मग यादी करा. आम्ही चौघांनी आठ दिवस घरोघर फिरून साठीच्या पुढची माणसं वहीत लिहिली: नाव, वय, घरात सोबत कोण, चालता येतं का, पेन्शन चालू आहे का. ही वही ग्रामसभेत टेबलावर ठेवली की चर्चा वेगळी होते. तिचा दुसरा उपयोगही झाला. पासष्टीच्या पुढचे, हातात काहीच उत्पन्न नसलेले किती जण श्रावणबाळ योजनेविना आहेत ते कळलं. त्यांचे अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत दिले. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. त्यालाही वय ६५ लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. पण हे झाले एकेकट्याचे पैसे. सगळ्यांच्या सोयीसाठी ग्रामसभेशिवाय वाट नाही.

पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. म्हणून विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच काढा आणि २ ऑक्टोबरला पक्का करा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा अर्ज त्याच्याही आठ दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या (ग्रामसेवकांचं आताचं पदनाम हेच) आणि शिक्क्यासह पोच घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे म्हाताऱ्या बायकांना घेऊन जा. पुरुषांसमोर गप्प राहणाऱ्या बायका तिथे संडासाची अडचण मोकळेपणानं सांगतात.

आणखी एक, खास लक्षात ठेवा. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला, १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांतला कमी आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि लोक घरी जातात. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. दहा-बारा माणसांत वर्षाचे ठराव होऊन जातात. मी स्वतः ते लिहिलेत. त्या दिवशी पुन्हा जा, सगळे मिळून जा.

ठरावाचे शब्द फार महत्त्वाचे. "ज्येष्ठांसाठी सुविधा करण्यात याव्यात" असा ठराव इतिवृत्तात पडून राहतो, कारण त्यात काम नाही, जागा नाही, पैसा नाही. आमचा ठराव असा होता: "समाजमंदिरात दररोज दुपारी ३ ते ६ ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र चालवावे. उतार व रेलिंगचे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात अबंधित निधीतून घ्यावे. स्वच्छतागृहात कमोड बसवणे बंधित निधीतून घ्यावे. वीजबिल व सफाईचा खर्च स्वनिधीतून करावा." खाली सूचक, अनुमोदक.

निधीचे हे तीन कप्पे समजून घ्या. पहिले दोन केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशाचे. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली (बंधित) आणि ४० टक्के मोकळी (अबंधित) होती. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून आहे. वाटणी किती ते ताजं परिपत्रक मागून वाचा. सगळे गटारं-रस्त्यांसाठी मोकळ्या पैशावर तुटून पडतात, म्हणून कमोड, पाण्याचा फिल्टर ही कामं बांधलेल्या रकमेतून मागायची. वित्त आयोगाच्या मोकळ्या पैशातून पगार देता येत नाही. केंद्र उघडणाऱ्या, झाडणाऱ्या बाईचं मानधन स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टीतून आलेल्या पैशातून मागा. ते देताना पंचायत कचरते. आम्ही संघाच्या वतीनं घरोघर जाऊन थकलेली घरपट्टी भरायला सांगितलं, तेव्हा सदस्यांचा सूर बदलला.

बांधकामाचं अंदाजपत्रक शाखा अभियंत्याकडून येतं. तो मोजायला आला की एखाद्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे उभं करा. आमचा उतार कागदावर इतका खडा होता की काठीवाला घसरलाच असता. गुडघे दुखणाऱ्या एका बाबांनी पायरी चढून दाखवली आणि अभियंत्यानं तो तिथल्या तिथे लांबवला.

रक्तदाब आणि साखर तपासायला पंचायतीचा पैसा लागत नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना महिन्यातला एक वार ठरवून मागा आणि त्या पत्राची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या.

आराखडा मंजूर झाला की नातवाला ई-ग्रामस्वराज ॲप उघडायला सांगा. आपलं काम त्यात दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ठरावाची प्रत घेऊन पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांना भेटा. प्रत देत नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज.

केंद्र सुरू झाल्यावर दारातच हजेरीवही ठेवा. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्या. पुढच्या २ ऑक्टोबरला मानधनाची रक्कम पुन्हा मागावी लागेल, तेव्हा ती वही बरोबर न्यायची.